सतराव्या वर्षी काढलेली नाटक कंपनी

सतराव्या वर्षी तुम्ही काय करत होता? खरं सांगा. बारावीचा क्लास, फिजिक्सची अर्धवट वही, घरच्यांच्या नजरा. फार तर गॅदरिंगला एका ग्रुप डान्समध्ये तिसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरे.

केशव विठ्ठल भोसले नावाचा कोल्हापूरचा एक मुलगा सतरा वर्षांचा होता, तेव्हा त्याने नाटक कंपनी काढली. कॉलेजचा ग्रुप नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरची टीम नव्हे. पडदे, पेट्या, तबले, कपडे, आचारी आणि पगारावरची माणसं असलेली कंपनी. तारीख १ जानेवारी १९०८, गाव हुबळी, कंपनीचं नाव ‘ललितकलादर्श’. त्या मुलाला पुढे लोक ‘संगीतसूर्य’ म्हणू लागले. आणि ती कंपनी, मध्ये दोन-तीनदा मरता मरता, २००८ मध्ये शंभर वर्षांची झाली.

आता तुम्ही म्हणाल, अणदूर-नळदुर्गच्या पोरांना हुबळीच्या कंपनीचं काय? सांगते. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

केशवराव जन्माला आले ९ ऑगस्ट १८९० रोजी. वडील लवकर गेले, घरात खायची तोंडं जास्त. त्या काळात गाणारा गळा असलेल्या गरीब घरातल्या मुलासाठी एक वाट होती, नाटक मंडळी. तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं आणि गाणंही शिकायला मिळायचं. केशव अगदी लहानपणी ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत गेला. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं होतं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती गोष्ट. त्यातली शारदा हा मुलगा करायचा, आणि लोक त्याच्यासाठी येऊ लागले. म्हणजे मिसरूड फुटायच्या आधी केशव स्टार होता. आणि स्टार असूनही कंपनी दुसऱ्याची होती.

मग सतराव्या वर्षी त्याने स्वतःची काढली. हुबळीत का, असा प्रश्न आज पडतो, कारण आपल्या डोक्यात नकाशा राज्यांचा आहे. तेव्हा हुबळी मुंबई इलाख्यात होती आणि मराठी नाटकाचा नकाशा भाषेच्या रेषेने कापलेला नव्हता. मराठी संगीत नाटकाला खऱ्या अर्थाने उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्करसुद्धा गुर्लहोसूरचे, तेही आजच्या कर्नाटकात. धारवाड-हुबळीचा प्रेक्षक गाण्याचा जाणकार. कानडी घरातला माणूस मराठी पदावर मान डोलवायचा. आपल्या भागातल्या लोकांना हे नवल वाटायला नको. आपल्या बाजारात एका वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी हिंदी सहज येऊन जाते.

चालतं-फिरतं गाव

तेव्हाची नाटक मंडळी हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण आज आपण ‘नाटक करतो’ म्हणजे काय करतो? दीड महिना तालीम, एक प्रयोग, एक ग्रुप फोटो. मंडळीतली माणसं मात्र नाटक ‘करत’ नसत, नाटकात राहत. एकाच बिऱ्हाडात नट, गवई, तबलजी, ऑर्गनवाला, पडदे रंगवणारा, शिंपी, दाराशी तिकिटं बघणारा आणि आचारी. सगळ्यांची पंगत एकत्र. प्रयोग लागो न लागो, चूल पेटणारच. गावात साथ आली, पाऊस लागला, शेजारच्या गावात दुसरी मोठी कंपनी येऊन उतरली, तरी ही सगळी माणसं जेवणार. मालक म्हणून हा खर्च बघायचा आणि रात्री तोंडाला रंग लावून गायचंही. वय सतरा.

प्रयोग रात्री सुरू व्हायचे आणि लांबत जायचे, कारण पद आवडलं की लोक ‘वन्समोअर’ मागत. माईक नाही. गॅसच्या बत्त्या. मागच्या बाकावरच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा तो छातीच्या जोरावर. आपल्याकडे हल्ली कॉलर माईक दोन मिनिटं बंद पडला तर हॉलमध्ये ‘आवाज, आवाज’ सुरू होतं. त्यावरून अंदाज करा.

पहिल्या काही हंगामांत ललितकलादर्शने आधीची गाजलेली नाटकं केली, जशी सगळ्याच नव्या कंपन्या करत. पण लवकरच केशवरावांनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. १९१२ मध्ये कंपनीने ‘संगीत दामिनी’ हे नाटक बसवलं. लेखिका हिराबाई पेडणेकर. हो, लेखिका. नाटक लिहिणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. हिराबाई कलावंतिणीच्या घरातल्या. गाणं येणाऱ्या, वाचन दांडगं असणाऱ्या, त्या काळच्या बड्या साहित्यिकांत ऊठबस असणाऱ्या. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिलं. तर अशा बाईचं नाटक घ्यायचं धाडस करणारा कंपनी मालक तेव्हा बावीस वर्षांच्या आतबाहेर होता. माझ्याच वयाचा. (मी मास कम्युनिकेशन करून या पुरवणीत इंटर्न आहे. माझं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे हा लेख इतका लांब लिहिणं.)

पण त्यातली गंमत म्हणा की बोच म्हणा, तीही बघा. बाईने नाटक लिहिलं आणि त्यातल्या बायका पुरुषांनी केल्या. कारण प्रतिष्ठित मंडळींच्या रंगमंचावर बाईला जागा नव्हती. लेखणीला परवानगी मिळाली होती, अंगाला नव्हती. ती मिळायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात बायकांनी बायकांची कामं केली आणि ते केवढं मोठं पाऊल मानलं गेलं. आज आपल्या एकांकिकांत मुली दिग्दर्शन करतात, लाइट्स करतात. तरी तालीम रात्री नऊनंतर लांबली की कोणाच्या घरून फोन येतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

मामा आले आणि कंपनीचा सूर बदलला

मग आले भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर. मामांनी कंपनीला एक सवय लावली, आजच्या प्रश्नावर नाटक करायची. १९१६ चं ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावर. १९१९ चं ‘संन्याशाचा संसार’ धर्मांतरावर. पौराणिक राजे आणि शृंगारिक पदं यांची चटक लागलेल्या प्रेक्षकाला तिकीट काढून घरातल्याच भांडणाचा तमाशा बघायला लावायचा, हा धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा होता. गाण्यामुळे तो खपला, असं माझं मत आहे. संगीत रामकृष्णबुवा वझ्यांचं. बुवा म्हणजे तालीमबाज गवई, केशवरावांचे गुरू. लोक बुवांच्या चालीसाठी आणि केशवरावांच्या तानेसाठी येत आणि जाताना डोक्यात हुंड्याचा विषय घेऊन जात. पथनाट्यवाले हेच करायचा प्रयत्न करतात, फक्त आमच्या चाली इतक्या बऱ्या नसतात.

शंभरहून जास्त वर्षं झाली त्या नाटकाला. आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या बैठकीत अजूनही ‘तुमच्या मुलीला तुम्ही काय द्याल ते’ असं म्हणून गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. तेव्हा ‘जुनं नाटक’ म्हणून नाक मुरडू नका.

आता १९२१. हे वर्ष लक्षात ठेवा.

टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले होते. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहत होता, देशभरातून एक कोटी रुपये जमवायचं ठरलं होतं. महाराष्ट्रात तेव्हा गाण्याच्या दोन पार्ट्या होत्या. एक बालगंधर्वांची, एक केशवरावांची. आज क्रिकेटवरून जसे गट पडतात, कमेंटमध्ये जशा शिव्या पडतात, तशीच ती चुरस. दोघांच्या दोन कंपन्या, दोघांचे दोन प्रेक्षक. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघालेली, ललितकलादर्श त्याच्या पाच वर्षं आधीची. आणि या दोघांनी ठरवलं की फंडासाठी एकत्र प्रयोग करायचा. नाटक ‘संगीत मानापमान’. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, स्वतः टिळकांच्या ‘केसरी’तले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर.

तुमच्यापैकी काहींनी जानेवारी २०२५ मध्ये आलेला सुबोध भावेंचा ‘संगीत मानापमान’ सिनेमा थिएटरात किंवा मोबाइलवर पाहिला असेल. तीच भामिनी, तोच धैर्यधर. श्रीमंत घरातली मुलगी, गरीब पण शूर तरुण, आणि मान कुणाचा, अपमान कुणाचा याची झटापट. आता कल्पना करा, की त्या दोन भूमिकांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक समोरासमोर उभे आहेत आणि प्रेक्षागृहात दोघांचे चाहते शेजारी शेजारी बसले आहेत. एकाला वन्समोअर पडला की दुसऱ्याला पडलाच पाहिजे. या ‘संयुक्त मानापमाना’ची आठवण मराठी नाटकवाल्यांनी शंभर वर्षं सांभाळली आहे. ऐकायला मात्र त्यातलं काही उरलेलं नाही. बोलपट यायला अजून दहा वर्षं होती, त्या रात्रीचं चित्रीकरण असायचा प्रश्नच नव्हता. जे होतं ते त्या रात्री तिथे बसलेल्यांच्या कानात.

प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव भोसले वारले. वय एकतीस. 

आणि कंपनी?

मालक गेला की मंडळी मोडते, हा त्या काळचा साधा नियम. सगळं एका गळ्यावर उभं असतं. पडदे लिलावात जातात, नट दुसऱ्या कंपनीत. ललितकलादर्शमध्ये तसं झालं नाही, कारण कंपनीतल्याच व्यंकटेश बळवंत पेंढारकर, म्हणजे बापूराव पेंढारकर, यांनी ती पुढे चालवायला घेतली. १९२२ मध्ये वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ आलं, १९२३ मध्ये अस्पृश्यतेवरचं ‘तुरुंगाच्या दारात’. गांधींच्या चळवळीची हवा या नाटकांत थेट शिरली होती.

इथे एक तांत्रिक गोष्ट, बॅकस्टेजवाल्यांसाठी खास. तोपर्यंत रंगमंचावर रंगवलेले पडदे असत. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. वर गुंडाळायचा, खाली सोडायचा. ललितकलादर्शकडे पु. श्री. काळे नावाचे चित्रकार होते. त्यांनी नेपथ्याला खरेपणा आणला. दारं-खिडक्या असलेली तीन भिंतींची खोली रंगमंचावर उभी केली, जिला आपण आज बॉक्स सेट म्हणतो. त्यात नट दारातून ‘आत’ येतो. पडद्यासमोर उभं राहून बोलणाऱ्या माणसाला एकदम घर मिळालं. थर्माकोलच्या भिंतीवर खिडकी चिकटवताना तुमची जी चिडचिड होते, तिचा मूळपुरुष इथे आहे.

१९३२ मध्ये ‘सोन्याचा कळस’ आलं, गिरणी कामगार आणि मालक यांच्यावरचं. त्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला, पहिला मराठी बोलपट. त्याच्या आदल्या वर्षी ‘आलम आरा’ आला होता. आता हिशेब करा. नाटक कंपनी गावात येणार म्हणजे माणसं, पेट्या, सेट, रेल्वेचं भाडं, महिनाभराचा शिधा. सिनेमा येणार म्हणजे डब्यातून रिळं. तिकीट स्वस्त, आणि गाणं तसंच. एकामागून एक मंडळ्या बंद पडल्या. नाट्यगृहांची सिनेमा थिएटरं झाली. मी काही सिनेमाला व्हिलन करत नाही, माझा अर्धा पगार त्यातच जातो. पण त्या काळच्या एखाद्या नटाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वयाच्या आठव्या वर्षापासून मंडळीत, शाळा नाही, दुसरी विद्या नाही, आणि चाळिशीत कळतं की आता गावात कुणी उतरवून घेणार नाही.

१९३७ मध्ये बापूराव पेंढारकर गेले आणि ललितकलादर्श थांबली. बरोबर एकोणतीस वर्षांची होती.

बावन्न दिवस

आता आपल्या रस्त्यावर या. अणदूरच्या फाट्यावर उभं राहिलं की एकीकडे सोलापूर, दुसरीकडे हैदराबाद. या रस्त्याच्या त्या टोकाला, हैदराबादेत, २५ नोव्हेंबर १९२१ रोजी बापूराव पेंढारकरांना मुलगा झाला. भालचंद्र. केशवराव जाऊन तेव्हा बावन्न दिवस झाले होते. हैदराबाद तेव्हा निजामाचं, अणदूरही निजामाचंच. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ललितकलादर्शला दुसऱ्यांदा जन्म देणारा माणूस आपल्याच संस्थानात जन्मला.

वडील गेले तेव्हा भालचंद्र पंधरा वर्षांचे होते. वारशात मिळाली ती बंद पडलेली कंपनी. १९४२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांनी ती पुन्हा उभी केली. नाटक निवडलं ‘सत्तेचे गुलाम’, वडिलांच्याच काळातलं. ते साल छोडो भारतचं, आणि वीस वर्षांपूर्वीचं नाटक त्या हवेत पुन्हा ताजं झालं असणार, हे सांगायला नाटकाचा अभ्यासक लागत नाही.

पहिली कंपनी सतराव्या वर्षी निघाली, दुसऱ्यांदा ती विसाव्या वर्षी निघाली. ‘अजून लहान आहेस’ हे वाक्य तुम्हाला आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं?

भालचंद्रांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची कंपनी वडिलांसारखी गावोगाव बिऱ्हाड घेऊन राहणारी नव्हती, तो काळच संपला होता. आता नाटक म्हणजे मुंबईत मुक्काम, दौरे, आणि प्रयोगाची ठरलेली तारीख. १९५७ मध्ये बाळ कोल्हटकरांचं ‘दुरितांचे तिमिर जावो’ आलं. त्यातला अण्णांचा दिगू आणि त्याचं आईच्या आठवणीचं पद तुमच्या आजीला विचारा, ती तुम्हाला नाटकाची गोष्ट न सांगता थेट गाऊनच दाखवेल. १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’, संगीत वसंत देसाईंचं. १९६६ मध्ये ‘जय जय गौरीशंकर’. संगीत नाटक संपलं असं सगळे म्हणत असताना ही नाटकं हाऊसफुल्ल जात होती.

शिस्त हा अण्णांचा दुसरा स्वभाव. तिसरी घंटा वेळेवर. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर ‘ठीक ६ वा.’ छापतात आणि साडेसातला पाहुण्यांचं स्वागत सुरू होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण अण्णांनी केलेली ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहिला, ती नाटकाची नाहीच. ती टेपरेकॉर्डरची आहे.

गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात अण्णा वर्षानुवर्षं असायचे. तिथे होणारी नाटकं त्यांनी स्पूलच्या टेपवर मुद्रित करायला सुरुवात केली. स्वतःच्या कंपनीचीच नव्हे, इतरांचीही. नटाचं बोलणं, गाणं, ऑर्गन, प्रेक्षकांचं हसणं, टाळ्या, सगळं. कुणी सांगितलं नव्हतं, सरकारी योजना नव्हती. एक माणूस दुसऱ्याच्या नाटकाचा आवाज जपून ठेवत होता. ज्या कंपनीच्या संस्थापकाची सगळ्यात मोठी रात्र हवेत विरून गेली, त्या कंपनीच्या वारसाला रेकॉर्डर हातात घ्यावासा वाटला, हा मला योगायोग वाटत नाही. ११ ऑगस्ट २०१५ ला अण्णा गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी. टेपा राहिल्या. कंपनीची धुरा त्यांचा मुलगा ज्ञानेश पेंढारकर यांनी घेतली होती.

एका रात्रीत

दगडामातीच्या वास्तूचंही सांगते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ मध्ये एक नाट्यगृह बांधलं, पॅलेस थिएटर. खासबागच्या कुस्ती मैदानाला लागून. एका भिंतीच्या या बाजूला कुस्ती, त्या बाजूला गाणं, म्हणजे महाराजांना आपल्या लोकांची आवड नेमकी कळली होती. पुढे त्याला नाव दिलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. कित्येक नाटकवाल्यांनी आयुष्यातली पहिली टाळी तिथे घेतली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. लोक हार घेऊन यायच्या तयारीत होते आणि आले ते धुमसणाऱ्या लाकडांसमोर. म्हातारे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत असलेले व्हिडिओ तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर आले होते, आठवत असतील. नंतर ते पुन्हा जसंच्या तसं बांधण्याचं काम हाती घेण्यात आलं.

मग आपलं काय

अणदूरला नाट्यगृह नाही. जळायची भीती नाही, असं म्हणायचा मोह होतो. सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर हे आपलं जवळचं ‘खरं’ थिएटर. आपल्या जिल्ह्यात २०१७ मध्ये ९७ वं अखिल भारतीय नाट्यसंमेलन झालं, उस्मानाबादेत, अध्यक्ष जयंत सावरकर. तेव्हा मी शाळेत होते. चार दिवस गाव नाटकाचं झालं आणि मग पुन्हा एसटी स्टँडचं झालं.

पण फिरती कंपनी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपला देवच फिरता आहे. खंडोबाची मूर्ती वर्षातले दहाएक महिने अणदूरला आणि दोनेक महिने नळदुर्गला, मैलारपुरात. हलवताना दोन्ही गावांचे मानकरी बसतात आणि लेखी करार होतो. देव किती दिवस, कुठे, कुणाच्या जबाबदारीवर. एवढी जुनी आणि चोख बुकिंगची पद्धत नाटकवाल्यांकडेही नसेल! आणि ती टिकली, कारण दरवर्षी कागद होतो. तोंडी ठरवलं असतं तर कधीच भांडण होऊन बसलं असतं.

आता आपल्या नाटकाचा कागद बघू. दरवर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी कॉलेजाकॉलेजांत ग्रुप बसतो. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, भारूड, वगनाट्य. महिना-दीड महिना रक्ताचं पाणी. कुणी गावाकडून पेटी आणतो, कुणी मावशीची नऊवारी. बक्षीस मिळतं किंवा परीक्षकांना शिव्या. मग थर्ड इयरची पोरं पास होऊन पुण्याला जातात आणि पुढच्या वर्षी ग्रुप पुन्हा शून्यापासून. नवी पोरं विचारतात, मागच्या वर्षी काय केलं होतं? उत्तर येतं, ‘भारी होतं रे, तू बघायला पाहिजे होतंस.’

म्हणजे ललितकलादर्श दर तीस वर्षांनी मेली, आपली दरवर्षी मरते. फरक इतकाच की त्यांच्याकडे पुढचा माणूस उचलेल असं काहीतरी उरायचं. ‘सत्तेचे गुलाम’ १९४२ मध्ये पुन्हा करता आलं, कारण १९२२ ची संहिता होती. चाली बसवता आल्या, कारण त्या माहीत असणारी माणसं होती.

आपल्याकडे रेकॉर्डर खिशात आहे. अण्णांना त्यासाठी स्पूल विकत घ्यावे लागत, जड मशीन लावावं लागे. तरी मोबाइलमधलं आपलं रेकॉर्डिंग म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या एन्ट्रीचे वीस सेकंद, त्यावर हार्टचा स्टिकर, चोवीस तासांत गायब. पूर्ण प्रयोग कोणीच घेत नाही, कारण सगळे स्टेजवर किंवा विंगेत.

यंदा एकाला विंगेत नको, प्रेक्षकांत बसवा. फोन स्टँडवर, आडवा, विमान मोडवर, नांदीपासून शेवटच्या टाळीपर्यंत. फाइलला नाव द्या, नाटक, लेखक, दिग्दर्शक, तारीख, हॉल. लाइटवाल्याचं आणि चहा आणणाऱ्याचं नावही. स्क्रिप्टच्या शेवटच्या कॉपीवर तालमीत बदललेली वाक्यं पेनने लिहून ती कॉलेजच्या लायब्ररीत द्या, नोंद करून घ्या. ग्रुपवर टाकून ठेवू नका, ग्रुप अ‍ॅडमिनचा फोन फॉरमॅट होतो.

आणि गावातल्या, साठीच्या पुढच्या, तरुणपणी गणपतीत नाटक केलेल्या एखाद्या काकांना गाठा. प्रत्येक गल्लीत एक असतोच. ते आधी ‘काही नाही, असंच हौस होती’ म्हणतील. चहा संपेपर्यंत थांबा. मग ते उठून उभे राहतील आणि कोणत्या तरी नाटकातला प्रवेश करून दाखवतील, दोघांचे संवाद एकटेच. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असू द्या.